बोर्डावरचं टिंब

धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी आता शिकवते, तिथे वरच्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. तिच्यात बोर्ड नाही. आत कोण कधी काम करणार हे माझे विद्यार्थी बोलून ठरवतात, कधी भांडून ठरवतात आणि मोबाईलवरच्या ग्रुपात टाकून मोकळे होतात. बाहेरून तपासणीला आलेले प्राध्यापक हमखास म्हणतात, मॅडम, एक व्हाइट बोर्ड तरी लावून घ्या, शिस्त दिसते. मी म्हणते, नको. का नको ते सांगायला बसले तर त्यांचा चहा गार होईल, म्हणून तिथे सांगत नाही. इथे सांगते.

मी असोद्याची. घरी केळी आणि कपाशी. जळगावच्या एका संस्थेत पीएचडीला नाव घातलं तेव्हा रोज कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून नाहीतर बसने जायचे. आमची प्रयोगशाळा टिश्यू कल्चरची होती. केळीच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा कापायचा, काचेच्या बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा आणि त्यातून रोपं वाढवायची. सगळा खेळ स्वच्छतेचा. बाटलीत बुरशीचा एक कण पडला की बाटली गेली. म्हणून एक बंद खोली असते. तिच्यात लॅमिनार नावाचं मोठं कपाट असतं, त्याच्या पाठीमागच्या जाळीतून गाळलेली हवा समोर येते, आणि त्या हवेत हात घालून आपण काम करतो. त्या खोलीत जायला मिळालं की माणूस संशोधक झाला, असं आम्हाला वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या सगळ्यात जुन्या संशोधक विद्यार्थिनीनं मला बाटल्या धुण्याच्या मोरीपाशी गाठलं. तिला सगळे ताईच म्हणायचे. स्वभावानं गाय. हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवसांत आत जायचं नाही हं. बाहेर मीडिया, म्हणजे बाटल्यांतलं खाद्य, बनव, बाटल्या धू. सरांना काही सांगावं लागत नाही. बोर्डावर आपल्या नावापुढे बारीकसं टिंब काढायचं. समजतात ते."

मला आधी वाटलं गंमत करतेय. मग बोर्डाकडे पाहिलं. येण्याजाण्याच्या वाटेवर लावलेला तो बोर्ड, त्यावर सगळ्यांची नावं, आणि एका मुलीच्या नावापुढे खरंच एक निळं टिंब. शिपायापासून सरांपर्यंत सगळे तिथून जाणार आणि सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत. घरी तर निदान घरचीच माणसं असतात.

घरी हे होतंच. त्या दिवसांत मला पापडाच्या लाटीला हात लावू देत नसत, लोणच्याच्या बरणीची तर सावलीही नको. मी ते मुकाट पाळलं, कारण घरात असंच असतं अशी समजूत होती, आणि आईशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. पण प्रयोगशाळेबद्दल माझी वेगळी कल्पना होती. मला वाटायचं, तिथे पुरावा लागतो. इथे तर लोणच्याची बरणी जाऊन काचेची बाटली आली होती, बाकी सगळं तेच.

आता सर, म्हणजे माझे गाइड आणि प्रयोगशाळेचे प्रमुख. ते वाईट माणूस नव्हते, आणि हीच खरी पंचाईत आहे. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. सर विद्यार्थ्यांच्या घरी अडचण असली तर धावून जायचे. भाषणात म्हणायचे, विज्ञानाला जात नाही, धर्म नाही, बाई नाही, पुरुष नाही. मुलं टाळ्या वाजवायची आणि बोर्डावर टिंब असायचं.

मी टिंब काढत राहिले. पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं, नवीन सुनेसारखं.

माझं काम एका जुन्या केळीवर होतं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर मी ती पाहिली होती. आखूड, जाड सालीची, चव जरा आंबटसर. बाजारात कुणी विचारणार नाही. पण भर उन्हाळ्यात आमच्याकडे बागा करपतात तेव्हा ती नाल्याच्या काठी हिरवीगार उभी असायची, कुणी पाणी न देता. तिथल्या एका घरच्या बाईनं मला बुंध्याशी फुटलेली दोन पिलं उकरून दिली, वर भाकरीही खाऊ घातली. पुढच्या खेपेला गेले तर नाला बुजवून रस्ता काढलेला, आणि केळी कुठेच नाही. आसपासच्या पाड्यांवर विचारून आले, कुणाकडेच नव्हती. म्हणजे ती केळी आता फक्त माझ्या बाटल्यांमध्ये उरली होती. बाटल्या मेल्या तर माझी पीएचडी जाणार हे होतंच, पण त्याहून मोठं म्हणजे ती केळीच जाणार होती.

केळीच्या तुकड्याचं एक दुखणं असतं. त्यातून काळा रस सुटतो आणि खाद्यात साचतो. ठरल्या दिवशी काळा भाग कापून नव्या बाटलीत हलवला नाही, तर तुकडा स्वतःच्याच रसात मरतो. तो दिवस पुढे ढकलता येत नाही. कोंबाला माझ्या अंगात काय चाललंय याच्याशी घेणंदेणं नसतं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी नवाकोरा लॅमिनार आला. सर इतके खूष की खंडेनवमीला त्यांनी स्वतः त्याची पूजा केली. काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ, आणि झेंडूची घसघशीत माळ. दरवर्षी माळ खोलीच्या दाराला असायची. या वर्षी यंत्र नवं, म्हणून ती आत, पाठीमागच्या जाळीच्या दोन्ही कोपऱ्यांना दोऱ्यानं बांधली. मीही हात जोडले. पेढे खाल्ले. पूजेची माळ दिवाळीच्या लक्ष्मीपूजनापर्यंत काढायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. यंत्राचीही नाही, ट्रॅक्टरचीही नाही.

दिवाळीआधीच बाटल्या नासायला लागल्या. करडी, कापसासारखी बुरशी. आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्यांच्याच. मुलांच्या, मुलींच्या, सरांच्या स्वतःच्या प्रकल्पातल्यासुद्धा. रोज कुणीतरी ट्रेभर बाटल्या उकळायला घेऊन जायचं. प्रयोगशाळेला मयताच्या घराची कळा आली.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "कुणीतरी नियम पाळत नाहीये."

कुठला नियम ते बोलले नाहीत. बोलावं लागलंच नाही. मुलांनी खाली पाहिलं आणि आम्ही मुलींनी एकमेकींकडे.

"मी स्वतः असलं काही मानत नाही," सर म्हणाले. "माझ्या मुलीला मी डॉक्टर केलंय. पण कशाला विषाची परीक्षा घ्या? चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी विचारलं, "सर, मुलांच्याही बाटल्या गेल्यात ना?"

"खोली एकच आहे," ते म्हणाले. "हवा एकच आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आम्ही सगळे बुरशीवर परीक्षा दिलेली माणसं. कुणी हवेचा नमुना घेतला नव्हता, कुणी जाळी तपासली नव्हती, पाणी तपासलं नव्हतं. पहिला संशय थेट आमच्या अंगावर. त्या दिवसापासून खोलीची किल्ली ताईकडे आली. तिनं प्रत्येकीला विचारूनच द्यायची. आणि सर जाता जाता म्हणाले, या फेरीत ज्याच्या निष्काळजीपणानं नुकसान होईल, त्याला प्रकल्पातून जावं लागेल.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पाळून घे ना वं बाई. माही सासू पाळे, मी पाळते. चार दिवसांत तुहं काय जाते?"

"केळी जाते," मी म्हटलं.

"केळीले काय कमी आहे आपल्याकडे?" आई म्हणाली. खिडकीतून दिसत होती ती सगळी आमचीच केळी होती, तिला मी काय सांगणार. आईवर राग येत नव्हता. तिनं कधी म्हटलं नव्हतं की माझ्या स्वयंपाकघरात पुरावा लागतो.

आणि व्हायचं तेच झालं. बाटल्या हलवायचा दिवस आणि माझा दिवस एकच आला. सकाळी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. रस काळा झाला होता, उद्यावर टाकण्यासारखी गोष्ट नव्हती. दुसऱ्या कुणाला सांगावं, तर कोंबाचा जिवंत भाग कुठे संपतो हे माझ्याच बोटांना माहीत होतं. खोटं बोलता आलं असतं. टिंब न काढता आत जायचं, कोण बघायला येणार होतं? मुली असं करत असतीलच, मला खात्री आहे. पण चोरासारखं जायचं म्हणजे मी चोर आहे हे आधीच कबूल करायचं. ते माझ्याच्यानं होईना.

मी बोर्डापाशी गेले. निळा मार्कर ठेवला, लाल उचलला. माझ्या नावापुढे टिंब काढलं. बारीक नाही, चांगलं लिंबाएवढं. मागे दोघं-तिघं उभे होते, त्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला सरकले. मग ताईकडे गेले आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

तिनं बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगं, मला विचारतील."

"सांग, हिसकावून घेतली."

ताईनं किल्ली टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी किल्ली उचलली आणि आत गेले.

हातपाय धुतले, एप्रन चढवला, लॅमिनार चालू केला. हवा तोंडावर आली आणि तिच्याबरोबर वास. सुकलेल्या, कुबट झेंडूचा. मी वर पाहिलं. माळ होती तिथेच होती. तपकिरी, चुरा झालेली, आणि देठांपाशी करडा कापूस. जाळीतून गाळून आलेली हवा आधी त्या माळेवरून जात होती आणि मग आमच्या उघड्या बाटल्यांवर. इतके दिवस ती तिथे लटकत होती आणि दहा जण रोज तिच्याखाली हात घालून काम करत होते. ती कुणाला दिसली नाही असं नाही. दिसली, पण देवाची म्हणून दिसली.

क्षणभर हात थांबला, हे सांगायला हवं. लहानपणापासूनचं असतं ते, असं सहज जात नाही. या दिवसांत, पूजेची माळ. मग मला माझ्याच त्या थांबलेल्या हाताचा इतका संताप आला की मी दोरा तोडलाच. माळ वर्तमानपत्रात गुंडाळली, जाळीसकट सगळं कपाट स्पिरिटनं पुसलं, स्वस्तिकही पुसलं. मग माझ्या बाटल्या घेतल्या आणि शांतपणे कामाला बसले. त्या दिवसाइतकं नीट मी कधी कापलं नसेल.

बाहेर आले तर बोळात सर उभे. बोर्ड त्यांनी पाहिला होता. माझ्या हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी सुटून माळ दिसत होती.

"पूजेची माळ काढलीस?" ते म्हणाले. "आज?"

"हो सर. बुरशी हिच्यावर आहे."

"ठीक आहे." त्यांचा आवाज फार थंड होता. "आता बघू. तुझ्या बाटल्याच सांगतील कोण बरोबर ते."

"नाही सर," मी म्हटलं. "माझ्या बाटल्या माझ्याबद्दल काही सांगणार नाहीत. त्या नासल्या तरी मी पुढच्या महिन्यात आत जाणार, नाही नासल्या तरी जाणार. तपासणी करायची तर माळेची करू. माझी नको."

मी तशीच मीडियाच्या खोलीत गेले, झेंडूच्या सुक्या पाकळ्यांचा चुरा नव्या बाटल्यांमध्ये टाकला आणि त्यांवर लिहिलं, माळ. त्या बाटल्या सगळ्यांना दिसतील अशा मधल्या टेबलावर ठेवल्या.

पाकळ्यांच्या बाटल्यांत लवकरच करडा कापूस उगवला. सगळ्यांच्या बाटल्यांत होता तोच. ज्याला डोळे होते त्याला सूक्ष्मदर्शकाचीही गरज नव्हती.

पण गोष्ट एवढी सरळ असती तर काय हवं होतं. माझ्याही बऱ्याच बाटल्या नासल्या. माळेचं पाप त्यांच्यात आधीच शिरलं होतं. एकेक बाटली उजेडात धरून बघायची आणि बाजूला ठेवायची, असं मी करत होते तेव्हा मुलं मागून बघत होती. सर आले. नासलेल्या बाटल्यांच्या ट्रेकडे त्यांनी बोट केलं.

"हे काय आहे मग?"

"बुरशी, सर. तीच."

"प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे उत्तर आहे," ते म्हणाले. "उद्या मला भेट. प्रकल्पाबद्दल बोलायचंय."

मला कळलं काय बोलायचंय ते. त्या संध्याकाळी बसमध्ये मी रडले. रागानं रडले, पण रडले. चांगल्या राहिलेल्या बाटल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि उद्यापासून त्या कुणाच्या ताब्यात जाणार, त्यांचा दिवस कोण लक्षात ठेवणार, हेच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले, तरी ताई माझ्या आधी आली होती. बोर्डापुढे उभी, हातात लाल मार्कर. तिनं स्वतःच्या नावापुढे टिंब काढलं होतं. दुसऱ्या मुलींच्या नावांपुढे काढलं होतं. आणि ती तिथे थांबली नव्हती. मुलांच्या नावांपुढे काढलं होतं, शिपाईभाऊंच्या नावापुढे काढलं होतं, आणि सगळ्यात वर सरांचं नाव होतं, त्याच्यापुढेही एक काढत होती. गोल, नीट, लिंबाएवढं.

मी म्हटलं, "ताई, अगं काय करतेस?"

तिनं मार्करला टोपण लावलं. "माझे दोन वर्षांचे कोंब असेच काळे पडून मेले," ती म्हणाली. "मी बाहेर बाटल्या धूत होते तेव्हा. मी कुणाला बोलले नाही. तुला मोरीपाशी नियम सांगितला तो मीच ना." मग तिनं खोलीची किल्ली काढली, बोर्डाच्या खिळ्याला अडकवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

हळूहळू सगळे जमले. कुणी हसलं नाही. सर आले. स्वतःच्या नावापुढचं टिंब त्यांनी पाहिलं. मग डस्टर घेतलं आणि सगळा बोर्ड पुसला, वरपासून खालपर्यंत, नावांसकट. आपल्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मला आत बोलावलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माफी? छे. माफी मागायची सवय मोठ्या माणसांना कुठे असते. पण बोर्डावर पुन्हा नावं आली तेव्हा टिंबं नव्हती, किल्ली खिळ्यालाच राहिली, आणि पुढच्या दसऱ्याला माळ मुकाट्यानं बाहेरच्या दाराला गेली.

माझी केळी जगली. थोडीच, पण जगली. तिच्यावर माझी पीएचडी झाली. त्यातली काही रोपं मी पाड्यावर त्या बाईला नेऊन दिली आणि एक आमच्या असोद्याच्या घरामागे लावलं. त्याची पिलं, पिलांची पिलं, आता तिथे बेट झालंय. आईला मी तेव्हाच सगळं सांगितलं होतं, कुठल्या दिवशी हात लावून ही वाचवली तेही. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिली. त्या केळीला पाणी मात्र तीच घालायची.

माझ्या प्रयोगशाळेतल्या नव्या मुली पहिल्यांदा दारात घुटमळतात. साक्रीकडची एक आली होती, कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, आज मी मझार जाऊ का?" आत जाऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, हात धुतलेस का? धुतले म्हणाली. मग जा. माझ्याकडे तेवढाच नियम आहे आणि तो मुलांनाही आहे. पण या गोष्टी प्रयोगशाळेत बदलल्या म्हणजे घरी बदलतात असं नाही. त्या भ्रमात मी कधी नव्हते.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला मी असोद्याला गेले. आमच्याकडे कानबाई बसते तो रविवार म्हणजे घरातला सगळ्यात सोवळ्याचा दिवस. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब. घरी पोचले आणि लक्षात आलं की मला बाजूला बसायला लागणार. घरात मी अजून सांगते. आईच्या घरात आईचा नियम. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हटलं, "आई, माझं आलंय. मी मागच्या खोलीत थांबते."

आई चौरंगाशी एकटीच खटपट करत होती. खांब जड होता, एका बाजूला कलत होता, तिचं वय झालंय, तिला पेलवत नव्हता. मी खांबाकडे पाहिलं आणि ओळखला. जाड सालीचा, आखूड. बाजारातून आणला नव्हता. घरामागच्या बेटातला होता.

"आई, ही तर ती केळी."

"मंग?" ती म्हणाली. "मले का ठाऊक नाही?"

मी उंबऱ्याबाहेर तशीच उभी. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, जरा वैतागूनच.

"पाहत काय राह्यली? तुहे हात मोडले का? ये इकडे, धर हा खांब."